निवडीचे स्वातंत्र्य, सार्वजनिक ज्ञान आणि राजकीय ध्रुवीकरण : अमेरिकेतील अनुभव

१

लोकशाहीत नागरिकांस सार्वजनिक व्यवहाराचे ज्ञान असावे आणि मतभेद असूनही त्यांचा परस्परांवर किमान विश्वास असावा, अशी दुहेरी अपेक्षा राज्यशास्त्राचे अभ्यासक पूर्वीपासून करीत आले आहेत. या दोन अपेक्षा एकमेकींस पोषक आहेत, ज्ञान वाढले की कटुता आपोआप ओसरते, असे बहुधा गृहीत धरले जाते. वृत्तपत्रे, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि समाजमाध्यमे यांच्या परिणामांविषयी जी चर्चा चालते तिच्या मुळाशीही हेच गृहीत असते. माध्यम चांगले असेल तर नागरिक जाणता व समंजस होईल, वाईट असेल तर तो अज्ञानी व भांडखोर होईल, असे मानले जाते. प्रत्यक्ष पुरावा मात्र या गृहीतास फारसा अनुकूल नाही.

२०१८ साली अमेरिकेत मध्यावधी निवडणूक होती. तिच्या आधीच्या आठवड्यांत हंट ऑलकॉट, लुका ब्रागिएरी, सारा आयखमायर आणि मॅथ्यू गेंट्झको या अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. फेसबुकच्या काही वापरकर्त्यांस त्यांनी मोबदला देऊन चार आठवडे आपले खाते बंद ठेवावयास लावले, आणि ज्यांनी खाते चालू ठेवले होते अशा लोकांशी त्यांची तुलना केली. कोणी कोणत्या गटात जावयाचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केवळ यदृच्छेने ठरविलेले असल्यामुळे दोन गटांत पुढे जो फरक दिसला तो फेसबुकच्या अभावाचाच परिणाम होय, असे म्हणता येते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाच्या निष्कर्षांनुसार खाते बंद ठेवणाऱ्यांची धोरणविषयक मते कमी टोकाची झाली आणि ते किंचित अधिक समाधानीही झाले. परंतु चालू घडामोडींविषयीचे त्यांचे ज्ञानही घटले. ज्वर उतरला, पण त्याबरोबर अन्नावरची वासनाही गेली, असा हा प्रकार होता.

ज्ञान आणि ध्रुवीकरण यांचा हा सहप्रवास अपवादात्मक नाही. अमेरिकेत गेल्या दीडशे वर्षांत माध्यमांचे जे जे स्थित्यंतर झाले त्याच्याशी तो या ना त्या रूपाने निगडित आहे. त्या देशाचा अनुभव येथे विचारात घेण्यास दोन कारणे आहेत. एक तर मतदारांच्या पद्धतशीर पाहण्यांची परंपरा तेथे १९४० पासून चालत आली आहे. दुसरे असे की तेथे प्रत्येक नवे तंत्र निरनिराळ्या गावी निरनिराळ्या वेळी पोहोचले, त्यामुळे पोहोचलेल्या व न पोहोचलेल्या गावांची तुलना अभ्यासकांस करता आली. या साऱ्या सामग्रीवरून जो मुख्य निष्कर्ष निघतो तो असा : माध्यमांचा राजकीय परिणाम त्यांच्यातून केल्या जाणाऱ्या युक्तिवादांवर जितका अवलंबून असतो त्याहून अधिक तो, ज्याला राजकारणात रस नाही अशा माणसास राजकारण टाळणे किती सोपे वा किती कठीण आहे, यावर अवलंबून असतो.

पुढे जाण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ध्रुवीकरण हा शब्द दोन निराळ्या अर्थांनी वापरला जातो. करआकारणी, स्थलांतर, गर्भपात यांसारख्या प्रश्नांवर लोकांची मते दोन टोकांकडे सरकणे हा त्याचा एक अर्थ होय. दुसरा अर्थ भावनिक ध्रुवीकरणाचा. मते फारशी न बदलताही विरुद्ध पक्षाच्या माणसांविषयी अप्रीती व अविश्वास वाढणे, असा तो आहे. शांतो अय्यंगार, गौरव सूद व इफ्ताख लेल्केस यांनी २०१२ साली या दुसऱ्या प्रकाराकडे लक्ष वेधले. आपल्या मुलाने वा मुलीने विरुद्ध पक्षाच्या घराण्यात विवाह केल्यास आपणास वाईट वाटेल काय, हा प्रश्न १९६० च्या एका पाहणीत विचारला गेला होता, तेव्हा दोन्ही पक्षांच्या समर्थकांपैकी सुमारे ५ टक्क्यांनीच होकार दिला. २०१० च्या पाहणीत रिपब्लिकन समर्थकांपैकी जवळजवळ निम्म्यांनी आणि डेमोक्रॅटिक समर्थकांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोकांनी अशी नाराजी व्यक्त केली. सोयरीक जुळविताना जेथे पक्ष नव्हे तर जात विचारली जाते, तेथील वाचकास या आकड्यांचे प्रथम नवल वाटेल. परंतु जातीच्या प्रश्नास महाराष्ट्रात जे स्थान आहे त्याच्या जवळपासचे स्थान अमेरिकेत पक्षास मिळू लागले, असाच त्यांचा अर्थ आहे. फेसबुकच्या वर सांगितलेल्या प्रयोगात मतांची तीव्रता कमी झाली, पण या भावनिक दुराव्यात निश्चित म्हणता येईल अशी घट आढळली नाही, हेही येथेच नमूद केले पाहिजे.

२

पक्षनिष्ठ माध्यम ही अमेरिकेत नवी गोष्ट नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मोठ्या भागात तेथील वृत्तपत्रे उघडउघड एका पक्षाची असत, पक्षाच्या साहाय्यावर चालत आणि सरकारी छपाईची कामे आपल्या पक्षाच्या हाती सत्ता आली म्हणजे मिळवीत. १८३३ साली ‘न्यू यॉर्क सन’ हे पत्र एका सेंटला विकले जाऊ लागले तेव्हापासून निराळ्या प्रकारच्या वृत्तपत्रव्यवसायाची सुरुवात झाली असे मानतात. पण त्याचा खरा विस्तार वाफेवर चालणारी चक्री मुद्रणयंत्रे आणि लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आल्यानंतर झाला. मोठ्या यंत्रात भांडवल गुंतविणाऱ्यास मोठा खप लागतो. मोठ्या खपासाठी दोन्ही पक्षांचे वाचक लागतात, आणि जाहिरातदारासही गिऱ्हाइकाच्या पक्षाशी कर्तव्य नसते. वृत्तपत्राची तटस्थता ही केवळ संपादकांच्या नीतिमत्तेची देणगी नव्हती. पुष्कळ अंशी ती छापखान्याच्या जमाखर्चातून जन्मास आली.

येथेही लाभ व हानी एकत्रच आढळतात. पक्षनिष्ठ वृत्तपत्रांच्या ऐन भरात, १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत, पात्र मतदारांपैकी सुमारे ८२ टक्क्यांनी मतदान केले. १९२० व १९२४ च्या निवडणुकांत हे प्रमाण निम्म्याच्याही किंचित खाली आले. या घसरणीचे सारे श्रेय वा अपश्रेय वृत्तपत्रांच्या माथी मारणे चुकीचे ठरेल. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचा मताधिकार व्यवहारात हिरावून घेतला गेला, मतदारनोंदणीचे नियम कडक झाले, आणि १९२० साली प्रथमच मताधिकार लाभलेल्या स्त्रिया आरंभी कमी संख्येने मतदानास आल्या. तरीही उत्कट पक्षनिष्ठा आणि भरघोस सहभाग हे त्या काळात हातात हात घालून चालत होते, ही गोष्ट तटस्थतेचा निरपवाद गौरव करणाऱ्यांनी दृष्टिआड करू नये.

नभोवाणीच्या आगमनानंतर ‘प्रचाराची सर्वशक्तिमानता’ हा चिंतेचा विषय बनला. पॉल लाझार्सफेल्ड, बर्नार्ड बेरेल्सन व हेझेल गॉडेट यांनी १९४० साली ओहायो राज्यातील ईरी परगण्यात, रूझवेल्ट व विल्की यांच्यातील निवडणुकीच्या निमित्ताने, सुमारे ६०० मतदारांच्या एकाच गटाची मे ते नोव्हेंबर या काळात महिन्यामागून महिना मुलाखत घेतली. प्रचारामुळे लोक पक्ष बदलतात असे दिसेल ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात पक्षांतर करणारे अगदी थोडे निघाले. प्रचार सर्वांत अधिक वाचणारे व ऐकणारे लोक तेच होते ज्यांचा निश्चय आधीच झालेला होता. ज्यांचे मन वळण्याजोगे होते ते प्रचाराच्या वाटेस फारसे जातच नव्हते. १९४४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून ‘माध्यमांचा परिणाम अल्प असतो’ असा सिद्धान्त पुढे रूढ झाला. त्यातील अधिक मोलाचा भाग मात्र काहीसा मागे पडला. माध्यमाचा परिणाम अल्प का असतो, तर ज्यांच्यावर तो व्हावयाचा ती माणसे समोर बसलेलीच नसतात म्हणून.

दूरचित्रवाणीने नेमकी हीच माणसे समोर आणून बसविली. १९५० साली अमेरिकेतील सुमारे ९ टक्के घरांत दूरचित्रवाणी संच होता. १९६० साली हे प्रमाण ८७ टक्क्यांच्या आसपास गेले. बहुतेक गावी तीनच मोठ्या वाहिन्या दिसत. सप्टेंबर १९६३ मध्ये सीबीएस व एनबीसी यांनी आपली सायंकालीन वार्तापत्रे पंधरा मिनिटांवरून अर्ध्या तासावर नेली आणि तिन्ही वाहिन्यांची वार्तापत्रे बहुधा एकाच सुमारास लागत. त्या वेळी संच सुरू करणाऱ्यास बातम्यांवाचून दुसरे पाहावयास जवळजवळ काही नव्हते. १९८० साली देखील त्या घटकेला चालू असलेल्या संचांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश संचांवर या तीन वार्तापत्रांपैकी एखादे लागलेले असे. बातम्यांची आवड असल्यामुळे नव्हे, तर संच बंद करण्यापेक्षा त्या पाहिलेल्या बऱ्या म्हणून पाहणारा असा एक प्रचंड प्रेक्षकवर्ग त्यातून निर्माण झाला. मार्कस प्रायर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले आहे की, या अनिच्छेने झालेल्या शिक्षणाचा लाभ अल्पशिक्षितांस विशेष झाला; त्यांचे राजकीय ज्ञान वाढले आणि मतदानातील त्यांचा वाटाही वाढला. हे मतदार पक्षनिष्ठ नसल्यामुळे निवडणुकांचा झोत पुष्कळसा मवाळ राहिला, असेही त्यांचे प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन निर्विवाद नाही. अमेरिकन सरकारने १९४८ च्या सप्टेंबरपासून १९५२ पर्यंत नव्या दूरचित्रवाणी केंद्रांचे परवाने देणे थांबविले होते, त्यामुळे काही शहरांत दूरचित्रवाणी लवकर आली व काही शहरांस अनेक वर्षे थांबावे लागले. या योगायोगाचा उपयोग करून गेंट्झको यांनी २००६ साली असे दाखविले की, जेथे दूरचित्रवाणी आली तेथे मतदान घटले, कारण लोकांनी वृत्तपत्र वाचणे व नभोवाणी ऐकणे कमी केले. वरवर पाहता दोन संशोधकांचे हे निष्कर्ष परस्परविरुद्ध आहेत. परंतु गेंट्झको यांना आढळलेली घट अध्यक्षीय निवडणुकांपेक्षा मधल्या वर्षांतील काँग्रेसच्या निवडणुकांत पुष्कळच अधिक होती. राष्ट्रीय वाहिनी अध्यक्षाविषयी बोलते. जिल्ह्याच्या प्रतिनिधीविषयी ती बोलत नाही. तेव्हा दूरचित्रवाणीने राष्ट्रीय राजकारणाचे ओझरते ज्ञान सर्वांस दिले आणि स्थानिक राजकारणाचे ज्ञान काढून घेतले, असे म्हटल्यास दोन्ही निष्कर्षांची संगती लागते. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

३

केबलच्या प्रसाराबरोबर ही स्थिती पालटली. १९८० च्या जूनमध्ये सीएनएन ही अहोरात्र बातम्या देणारी वाहिनी सुरू झाली. १९९० पर्यंत निम्म्याहून अधिक घरांत केबल पोहोचली होती. बातम्यांची आवड असणाऱ्यास आता चोवीस तास बातम्या मिळू लागल्या आणि ज्यास ती नव्हती त्यास चोवीस तास चित्रपट, खेळ व विनोद. प्रायर यांच्या अभ्यासाचा गाभा येथे आहे. ज्या घरांत निवडीस वाव नव्हता तेथे मनोरंजनाची आवड आणि राजकीय ज्ञान यांचा परस्परसंबंध नाममात्र होता. केबल व इंटरनेट असलेल्या घरांत मात्र तो ठळक झाला. बातमीप्रिय माणूस अधिक जाणता झाला, मनोरंजनप्रिय माणूस अधिक अजाण झाला. सरासरी काढली तर दोन्ही बदल एकमेकांस छेद देतात आणि काहीच घडले नाही असे दिसते. प्यू संशोधन केंद्राने १९८९ व २००७ सालच्या पाहण्यांची तुलना केली, तेव्हा देशाच्या उपाध्यक्षाचे नाव सांगू शकणाऱ्यांचे प्रमाण ७४ टक्क्यांवरून ६९ टक्क्यांवर आलेले दिसले. अठरा वर्षांत बातम्यांची साधने कितीतरी पटींनी वाढूनही ज्ञानाची पातळी जेथल्या तेथे राहिली, याचा उलगडा असा होतो. मिनेसोटा विद्यापीठातील फिलिप टिशेनर, जॉर्ज डोनोह्यू व क्लॅरिस ओलिअन यांनी १९७० साली ‘ज्ञानाची दरी’ ही कल्पना मांडली होती. तीत दरीचे मुख्य कारण शिक्षण व सामाजिक दर्जा हे होते. आता शिक्षणाच्या जोडीला निव्वळ आवडनिवड हेही दरीचे कारण बनले.

याच प्रक्रियेने ध्रुवीकरण कसे वाढते हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एखाद्या मतदारसंघात शंभर मतदार आहेत, त्यांपैकी तीस एका पक्षाचे कट्टर, तीस दुसऱ्या पक्षाचे कट्टर आणि चाळीस अनिश्चित आहेत, असे समजा. सर्वांनी मतदान केले तर मतपेटीवर कट्टरांचा भार ६० टक्के असतो. आता या चाळिसांपैकी पंचवीस जणांनी बातम्या पाहणे व त्याबरोबर मतदान करणे सोडून दिले, तर उरलेल्या पंचाहत्तरांत कट्टर साठच असतात. म्हणजे त्यांचा भार ८० टक्के होतो. एकाही माणसाने आपले मत बदललेले नाही, कोणासही कोणी भुलविलेले नाही, तरी निवडणूक अधिक टोकाची झाली. उमेदवारही मग अनिश्चितांस वळविण्याच्या खटपटीपेक्षा आपल्या कट्टरांस चेतविण्याकडे अधिक लक्ष देऊ लागतो. ध्रुवीकरणाच्या चर्चेत जे बोलतात त्यांच्याकडेच सर्वांचे लक्ष जाते. जे उठून गेले त्यांची दखल फारशी कोणी घेत नाही.

पक्षपाती वाहिन्यांनी प्रत्यक्ष मत बदलविले नाही असे मात्र नाही. फॉक्स न्यूज ही वाहिनी ऑक्टोबर १९९६ मध्ये सुरू झाली आणि स्थानिक केबल कंपन्यांशी जसजसे करार होत गेले तसतशी ती काही गावांत आधी व काही गावांत नंतर दिसू लागली. स्तेफानो देल्लाव्हिन्या व ईथन कॅप्लन यांनी ९,२५६ गावांच्या मतदानाचा अभ्यास करून २००७ साली असा अंदाज दिला की, जेथे ही वाहिनी पोहोचली तेथे २००० सालच्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या मतांचा वाटा ०.४ ते ०.७ टक्क्याने वाढला. हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण त्या निवडणुकीचा निकाल फ्लॉरिडातील ५३७ मतांच्या फरकाने लागला होता.

याच संदर्भात ‘न्याय्यता सिद्धान्ता’चा उल्लेख नेहमी होतो. सार्वजनिक महत्त्वाच्या विवाद्य प्रश्नांस वेळ द्यावा आणि त्यांच्या विरुद्ध बाजूंसही वाजवी संधी द्यावी, असे दुहेरी बंधन केंद्रीय दळणवळण आयोगाने १९४९ साली नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांवर घातले. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली ते वैध ठरविले आणि आयोगाने स्वतःच १९८७ साली ते उठविले. पुढच्याच वर्षी रश लिंबॉ यांचा राष्ट्रीय नभोवाणी कार्यक्रम सुरू झाला, यावरून सगळ्या कलहाचे मूळ या एका निर्णयात शोधण्याचा मोह अनेकांस होतो. तो आवरला पाहिजे. नभोवाणीपुरते त्यात तथ्य आहे. परंतु केबल वाहिन्या सार्वजनिक मालकीच्या लहरींचा वापर करीत नाहीत, त्यामुळे हा नियम टिकता तरी तो त्यांस लागू करता आला असता की नाही, याविषयी संशयास भरपूर जागा आहे. शिवाय काँग्रेसमधील पक्षीय दुफळी १९७० च्या दशकाच्या मध्यापासूनच रुंदावू लागली होती. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा आणि १९६५ चा मताधिकार कायदा यांच्यानंतर दक्षिणेतील सनातनी गोरे मतदार डेमोक्रॅटिक पक्षातून हळूहळू बाहेर पडले, आणि वंश, धर्म व प्रदेश यांच्या सीमारेषा पक्षांच्या सीमारेषांशी जुळत गेल्या. माध्यमांनी या आगीला वारा घातला. ती लावली त्यांनी नव्हे.

स्थानिक वृत्तपत्रांच्या ऱ्हासाचा प्रश्न या सगळ्यात कमी चर्चिला गेलेला, पण कदाचित अधिक गंभीर आहे. वर्गीकृत जाहिराती इंटरनेटवर गेल्या आणि २००५ नंतरच्या दोन दशकांत अमेरिकेतील एक-तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली. त्यांत लहान गावांची साप्ताहिके बहुसंख्य होती. जोशुआ डार, मॅथ्यू हिट व जोहाना डनअवे यांना २०१८ साली असे आढळले की, जेथे वृत्तपत्र बंद पडले तेथे एकाच वेळी एका पक्षाचा अध्यक्षीय उमेदवार व दुसऱ्या पक्षाचा सेनेटचा उमेदवार निवडणारे मतदार कमी झाले. कारण उघड आहे. उमेदवार माणूस म्हणून कसा आहे, त्याने गावासाठी काय केले, हे कळण्याचे साधन गेले की मतदारापाशी पक्षाची खूण तेवढी उरते. याच संशोधकांनी कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्ज येथील ‘डेझर्ट सन’ या पत्राचाही अभ्यास केला. या पत्राने जुलै २०१९ मध्ये एक महिना आपल्या मतांच्या पानावरून राष्ट्रीय राजकारण वगळले आणि स्थानिक प्रश्नांस ती जागा दिली. त्या महिन्यात व्हेंच्युरा या शहराच्या तुलनेत तेथील वाचकांतील भावनिक दुरावा कमी वेगाने वाढला. परिणाम लहान होता आणि प्रयोग एकाच गावाचा होता. तथापि ज्ञान व सलोखा हे बरोबरीने वाढू शकतात, याचे जे थोडे दाखले उपलब्ध आहेत त्यांपैकी हा एक होय. दोन शेजाऱ्यांस समान असलेल्या गोष्टीविषयीचे ज्ञान येथे दिले जात होते, हे त्याचे वैशिष्ट्य.

४

इंटरनेटविषयी प्रथम मांडली गेलेली भीती कोंडलेल्या खोलीची होती. कॅस सनस्टीन यांनी २००१ साली आणि ईलाय पॅरिझर यांनी २०११ साली असे प्रतिपादन केले की, निवडीचे स्वातंत्र्य व संगणकाने परस्पर केलेली निवड यांच्यामुळे प्रत्येक जण आपल्याच मताच्या प्रतिध्वनीत बंदिस्त होईल. ही कल्पना इतकी पटण्यासारखी आहे की तिची परीक्षा करावयास हवी याचाच पुष्कळांस विसर पडला. परीक्षा झाली तेव्हा निष्कर्ष संमिश्र निघाले. गेंट्झको व जेसी शपिरो यांनी २०११ साली दाखविले की, इंटरनेटवरील बातम्यांचे वाचक विचारसरणीनुसार जितके विभागलेले असतात त्याहून अधिक विभागलेली माणसे प्रत्यक्ष जीवनातील मित्रमंडळींत व शेजारात आढळतात. लेव्ही बॉक्सेल यांच्यासह याच दोघांनी २०१७ साली असेही दाखविले की, ध्रुवीकरणाची वाढ इंटरनेट सर्वांत कमी वापरणाऱ्या वृद्धांत सर्वांत अधिक झाली आहे. जर्मनी व स्वीडन या देशांतही इंटरनेट घरोघर पोहोचले, परंतु तेथे भावनिक ध्रुवीकरण गेल्या चार दशकांत घटलेले आढळते. केवळ तंत्राच्या प्रसाराने सर्व स्पष्टीकरण होते असे मानणाऱ्यांस या वस्तुस्थितीचे उत्तर देणे प्राप्त आहे.

कोंडी फोडली म्हणजे सामंजस्य येईल हाही समज तितकाच कच्चा ठरला. ख्रिस्तोफर बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्विटरच्या काही वापरकर्त्यांस मोबदला देऊन महिनाभर विरुद्ध बाजूच्या नेत्यांचे संदेश वाचावयास लावले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार रिपब्लिकन वाचक अधिकच सनातनी झाले. डेमोक्रॅटिक वाचकांत निश्चित म्हणता येईल असा बदल झाला नाही. याउलट डेव्हिड ब्रूकमन व जोशुआ काला यांनी २०२० च्या सप्टेंबरमध्ये फॉक्स न्यूजच्या नियमित प्रेक्षकांस मोबदला देऊन महिनाभर सीएनएन पाहावयास लावले, तेव्हा त्या प्रेक्षकांस पूर्वी न कळलेल्या कित्येक गोष्टी कळल्या आणि काही मते मवाळही झाली. मोबदला थांबल्यावर ते आपल्या वाहिनीकडे परतले आणि परिणामही पुष्कळसा विरला. दोन प्रयोगांतील फरक मननीय आहे. सीएनएनवर त्यांनी तपशीलवार वार्तांकन पाहिले. ट्विटरवर त्यांस विरुद्ध बाजूच्या पुढाऱ्यांचा आवेश तेवढा दिसला. विरुद्ध बाजू ‘ऐकणे’ या एकाच शब्दाखाली या दोन्ही गोष्टी घालणे शास्त्रीय दृष्ट्या सदोष होय.

समाजमाध्यमांचे खरे वेगळेपण वाचक त्यात स्वतःच वितरक बनतो यात आहे. सोरूश व्होसोघी, देब रॉय व सिनान अराल यांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० वृत्तांचा माग काढला. १,५०० लोकांपर्यंत पोहोचण्यास सत्य वृत्तास असत्य वृत्ताच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. आणि हा फरक यांत्रिक खात्यांमुळे नव्हे, माणसांच्या वर्तनामुळे पडत होता. असत्याच्या अंगी नावीन्य अधिक असते, आणि नवे काही सांगण्याची हौस माणसास उपजत आहे. छापखान्याच्या युगात या हौसेच्या वाटेत खर्च, संपादक व वेळ हे तीन अडथळे होते. आता ते राहिले नाहीत.

या अडथळ्यांच्या अभावी काय घडू शकते याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या जमातीच्या पाच भिक्षेकऱ्यांस जमावाने ठार मारले. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणाऱ्या अशाच संदेशांमुळे त्या वर्षी देशात इतरत्रही हत्या झाल्या होत्या. त्याच महिन्यात त्या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविण्यास प्रतिबंध केला. संदेशात काय आहे याची तपासणी करणे तिला शक्य नव्हते. तेव्हा तिने केवळ वेग कमी केला. जुन्या अडथळ्यांपैकी एक तिने अंशतः परत आणला, असे म्हणता येईल.

नागरिकांस खरे-खोटे ओळखण्याचे शिक्षण द्यावे, हा उपाय शिक्षकवर्गास साहजिकच प्रिय आहे. सुमित्रा बद्रिनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये १,२२४ व्यक्तींवर असा प्रयोग केला. घरी जाऊन सुमारे तासभर प्रशिक्षण देण्यात आले. एकंदर ओळखण्याच्या क्षमतेत वाढ आढळली नाही, आणि भारतीय जनता पक्षाच्या समर्थकांत तर स्वतःच्या पक्षास अनुकूल अशा खोट्या बातम्या ओळखण्याची क्षमता उलट घटली. तासाभराच्या पाठावरून शिक्षणाचे सामर्थ्य जोखू नये हे खरे. पण माहितीचा अभाव हे एकच दुखणे असते तर निष्कर्ष असा आला नसता.

संगणकाची गुप्त निवडपद्धती बदलली तर काय होते, याचे उत्तर २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी फेसबुक व इन्स्टाग्राम यांवर केलेल्या मोठ्या प्रयोगमालेतून मिळेल अशी आशा होती. २०२३ साली तिचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका प्रयोगात मजकूर केवळ कालक्रमाने दाखविला. दुसऱ्यात २३,३७७ वापरकर्त्यांस समानमती स्रोतांचा मजकूर सुमारे एक-तृतीयांशाने कमी दाखविला. काय दिसले ते बदलले, किती वेळ पाहिले तेही पहिल्या प्रयोगात बदलले. भावनिक ध्रुवीकरणात मात्र तीन महिन्यांत मोजता येण्याजोगा फरक पडला नाही. या निष्कर्षाचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. पंधरा वर्षांची सवय तीन महिन्यांत सुटत नाही. आणि एका व्यक्तीचा मजकूर बदलला तरी तिचे शेजारी, तिचे पुढारी व तिची वृत्तपत्रे त्याच माध्यमाच्या प्रभावाखाली राहतात. व्यक्तीवरील परिणाम शून्य असूनही समाजावरील परिणाम मोठा असू शकतो, आणि या पद्धतीच्या प्रयोगाने तो पकडता येत नाही. शिवाय त्या निवडणुकीच्या काळात कंपनीने अविश्वसनीय बातम्यांस आळा घालण्यासाठी तात्पुरते आणीबाणीचे उपाय योजले होते, ज्या नेहमीच्या पद्धतीशी तुलना करावयाची ती पद्धतीच त्या वेळी नेहमीची नव्हती, असा आक्षेप २०२४ साली घेण्यात आला आणि तो दुर्लक्षणीय नाही.

हा वाद पुढे नेण्यास लागणारी सामग्री मात्र दुर्मीळ होत चालली आहे. ईरी परगण्यातील अभ्यासकांस मुलाखतकार, कागद व चिकाटी यांवाचून कशाचीही गरज नव्हती. दूरचित्रवाणीच्या अभ्यासकांस परवान्यांच्या तारखा सरकारी दप्तरात मिळाल्या. ट्विटरने २०२३ च्या आरंभी संशोधकांस विनामूल्य सामग्री देणे बंद केले, आणि फेसबुकवरील मजकुराचा माग काढण्याचे क्राउडटँगल हे साधन त्याच्या मालक कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केले. व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश तर २०१६ पासून पाठविणारा व घेणारा यांवाचून कोणासही वाचता येत नाहीत. नागरिकांच्या खासगीपणाच्या दृष्टीने ते इष्टच आहे; पण मराठी मतदार परस्परांस काय पाठवितात हे ज्यास अभ्यासावयाचे असेल, त्यास आता लोकांनी स्वेच्छेने उघडून दाखविलेल्या संचावरच विसंबावे लागते, आणि स्वेच्छेने संच दाखविणारी माणसे इतरांसारखीच असतात की नाही, या प्रश्नापासूनच त्याच्या कामास आरंभ करावा लागतो.